बाप्तिस्मा आणि तारण

गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ, वैनगंगेच्या तीरावर मार्कंडा नावाचे क्षेत्र आहे. दक्षिणेकडे धावणारी ही नदी तेथे काही अंतर वळण घेऊन उत्तरेकडे वाहते, आणि उत्तरवाहिनी नदीतील स्नान विशेष पुण्यप्रद अशी आपल्याकडे समजूत असल्यामुळे महाशिवरात्रीस त्या ठिकाणी मोठी यात्रा भरते. तेथील शिल्पसमृद्ध मंदिरांचे वर्णन एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी आपल्या अहवालात करून ठेवले आहे. परंतु आज मला त्या शिल्पांविषयी बोलावयाचे नाही. क्षेत्राला ज्याचे नाव मिळाले त्या बालऋषीची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. सोळा वर्षांचेच आयुष्य घेऊन आलेला मार्कंडेय, पाश घेऊन आलेला यम, आणि शिवलिंगास मुलाने मारलेली ती मिठी. ह्या कथेत मुलगा वाचतो तो मिठीमुळे. स्नानाचा तीत संबंध नाही. यात्रेकरू मात्र आधी नदीत उतरतो, आणि ओलेत्याने गाभाऱ्यापर्यंत जातो. मिठी तारते की स्नान तारते, असा प्रश्न त्यास कोणी विचारीत नाही, आणि विचारला तर तो बहुधा विचारणाराकडेच चमत्कारिक नजरेने पाहील.

ख्रिस्ती धर्मात हा प्रश्न जवळजवळ दोन हजार वर्षे विचारला जात आहे. श्रद्धेने तारण होते की बाप्तिस्म्याने? श्रद्धा असून बाप्तिस्मा नसेल तर काय, आणि बाप्तिस्मा असून श्रद्धा नसेल तर काय? 'तारण' हा शब्द ऐकताच आपल्यापैकी गृहस्थाश्रमी माणसांस सावकाराकडे ठेवलेले दागिने आठवतील; परंतु मराठी ख्रिस्ती लोकांच्या भाषेत तो पापापासून होणाऱ्या सुटकेचा शब्द आहे. हा वाद केवळ पाद्र्यांच्या पाठशाळेतला आहे असेही नव्हे. एके काळी पुणे, मुंबई, नाशिक आणि नगर येथील कित्येक घरे त्याने हादरली होती.

प्रथम मूळ ग्रंथांकडे पाहू. मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात ख्रिस्ताच्या तोंडी असे वचन आहे की, जो विश्वास धरतो व बाप्तिस्मा घेतो त्याचे तारण होईल, आणि जो विश्वास धरीत नाही तो दंडास पात्र ठरेल. पहिल्या अर्ध्यात दोन अटी आहेत, दुसऱ्यात एकच. (हा अध्यायाचा शेवट सर्वांत जुन्या हस्तलिखितांत आढळत नाही, हेही सांगितले पाहिजे.) योहानाच्या शुभवर्तमानात पाणी व आत्मा ह्या दोहोंपासून जन्म घेतल्यावाचून देवाच्या राज्यात प्रवेश नाही असे म्हटले आहे. उलट, वधस्तंभावर ख्रिस्ताच्या शेजारी खिळलेल्या चोरास त्याच दिवशी सुखलोकाचे आश्वासन मिळाले. त्याला पाण्याचा थेंबही लाभला नव्हता. प्रेषितांच्या इतिहासात कर्नेल्य नावाच्या रोमी शतपतीच्या घरी पवित्र आत्मा आधी उतरला आणि बाप्तिस्मा मागाहून झाला. पौलाने तर बाप्तिस्म्याला दफनाची उपमा दिली आहे: पाण्याखाली जाणे म्हणजे जुन्या मनुष्याने मरणे. एकाच ग्रंथसंग्रहात इतकी विविध सामग्री असल्यावर टीकाकारांस कामाची वाण कशी पडणार?

आणि कामही असे झाले, की कधी हसू यावे व कधी अंगावर काटा उभा राहावा. बाप्तिस्म्याने मागली सर्व पापे धुऊन जातात, पण पुढल्या पापांची सोय कठीण, अशी समजूत पसरताच व्यवहारी लोकांनी तो विधी शक्य तितका लांबणीवर टाकला. रोमचा सम्राट कॉन्स्टंटाइन ह्याने ख्रिस्ती धर्मास राजाश्रय दिला, परंतु स्वतः बाप्तिस्मा घेतला तो इ. स. 337 मध्ये, मृत्युशय्येवर! 392 साली दुसरा व्हॅलेंटिनियन हा तरुण सम्राट बाप्तिस्म्यावाचून मरण पावला, तेव्हा मिलानचा बिशप अँब्रोज ह्याने त्याच्या शोकसभेत असा निर्वाळा दिला की, ज्याने मनापासून इच्छिले त्याला ते मिळालेच. रोमन कॅथॉलिक पंथाने पुढे ही इच्छेची सवलत मान्य केली. सोळाव्या शतकात ल्यूथरने श्रद्धेला अग्रस्थान दिले तरी तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा सोडला नाही. ज्यांनी तो सोडला आणि समजत्या वयात पुन्हा बाप्तिस्मा घेतला, त्यांपैकी फेलिक्स मान्झ ह्याला 1527 साली झुरिक शहरात, प्रॉटेस्टंट अधिकाऱ्यांनीच, नदीत बुडवून मारले. पाण्याविषयी वाद घालणाऱ्यास पाण्याचीच शिक्षा!

आता आपल्या प्रांताकडे येऊ. येथे इतिहासाने एक विलक्षण गंमत केली आहे, ती अशी की, एकाच किनाऱ्यावर दोन काळी ह्या दोन गोष्टींचा क्रम अगदी उलट झालेला दिसतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेखालील गोव्यात बाप्तिस्मा आधी झाला आणि श्रद्धेची जुळवाजुळव मागाहून करावी लागली. गावेच्या गावे बाटली, देवळे पडली, आणि लोकांच्या हातची जुनी पुराणे काढून घेतली गेली. 1579 साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाने आपले 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापविले, ते ह्या अशा लोकांसाठी. त्याच्या आरंभीच एक नवा ख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूस विचारतो की, आमची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर मग त्यांच्या जागी आम्ही वाचावे काय? ह्या प्रश्नात केवढी व्यथा आहे! डोक्यावर पाणी पडून गेले होते, पण संध्याकाळी दिव्याशी बसून वाचावयास काही नव्हते. स्टीफन्सने ओवीच्या रूपाने ती उणीव भरून काढली, म्हणूनच मराठी भाषा त्याची ऋणी आहे.

एकोणिसाव्या शतकातील मुंबई-पुण्यात सर्व उलटे झाले. येथे राज्यकर्त्यांची तलवार मागे नव्हती. होत्या त्या शाळा, छापखाने आणि वादसभा. तरुणांच्या मनात श्रद्धा आधी शिरे, आणि पाण्यापाशी येऊन त्यांचे पाऊल अडखळे. कारण शास्त्र काहीही म्हणो, समाजाच्या लेखी धर्म बदलतो तो मनात नव्हे, पाण्यात. 1843 सालचे शेषाद्री बंधूंचे प्रकरण ह्या दृष्टीने फार बोलके आहे. थोरल्या नारायणाने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्याची आशा सर्वांनी सोडली. धाकटा श्रीपत मिशनऱ्याच्या घरी राहिला, तेथे जेवला, परंतु त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. न्यायालयाने त्या अल्पवयी मुलास बापाच्या स्वाधीन केले, आणि मग त्यास प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की न घ्यावे ह्यावर पंडितांत रण माजले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनी सनातन्यांचा रोष पत्करला. मुलाच्या अंतःकरणात काय होते, हे त्या रणधुमाळीत कितीजणांनी त्याला विचारले असेल? विचार चालला होता तो त्याच्या पोटात गेलेल्या अन्नाचा.

पुढे सत्तेचाळीस वर्षांनी, 1890 मध्ये, पुण्यातील पंचहौद मिशनात घेतलेल्या एका चहाच्या पेल्यावरून न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांवरही प्रायश्चित्ताचा प्रसंग आला, हे आपण जाणताच. सरकारने 1850 च्या कायद्याने धर्मांतर करणाराचा वारसाहक्क राखला आणि 1866 च्या कायद्याने त्याच्या विवाहाचा प्रश्न हाती घेतला. परंतु माजघरात कायदा जात नाही.

पंडिता रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे आपल्या लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात त्यावर जो गदारोळ झाला तो अपेक्षितच होता. अनपेक्षित होते ते हे की, ज्यांनी त्यांना पंथात घेतले त्यांच्याशीही बाईंचे पटेना. जेराल्डीन नावाच्या मठवासिनीशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्रैक्याच्या सिद्धांतापासून पुरोहितांच्या अधिकारापर्यंत प्रत्येक गोष्टीस बाईंनी कारण मागितले. एका पौरोहित्यातून सुटलेली ही विदुषी दुसऱ्या पौरोहित्यास सहजासहजी मान तुकविणार नव्हती. परंतु ह्याहून मोठी गोष्ट त्यांनी स्वतःविषयी सांगितली आहे. 1907 साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या कबूल करतात की, बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. 1891 च्या सुमारास त्यांना तो भेटला. त्या वेळी त्यांच्या मनावर परिणाम करणाऱ्या पुस्तकांत विल्यम हॅसलम ह्याचे आत्मकथन होते, आणि हा हॅसलम म्हणजे दीक्षा घेऊन धर्मोपदेश करीत असतानाच, स्वतःच्याच प्रवचनाने पालटलेला पाद्री! केडगावच्या आपल्या आश्रमास बाईंनी नाव दिले 'मुक्ती'. एवढ्या बुद्धिमान बाईने आठ वर्षांच्या आपल्या ख्रिस्तीपणाला जाहीरपणे उणे लेखावे, ह्याला मोठे धैर्य लागते. आपल्या टीकाकारांच्या हाती आपणच कोलीत देत आहो हे त्यांना कळत नव्हते असे थोडेच आहे?

रमाबाईंचे दुःख बाप्तिस्म्यानंतरचे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे त्याच्या आधीचे. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाशी त्यांचा संवाद झाला, त्याने नवा करार हाती ठेवला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. पर्वतावरील प्रवचन वाचून हा कवी वेडावून गेला. श्रद्धा जडली, पण घरी पत्नी, लहान मूल, आणि सर्व गोतावळा. श्रद्धा गुप्त ठेवता येत होती. ती ठेवू नये असे वाटल्यावर, 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत, हट्टाने हिंदी पाद्र्याच्या हातून, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या एका दिवसाने संसाराचे दोन तुकडे झाले.

ज्या वैनगंगेच्या काठून आपण निघालो, ती पुढे वर्धेस मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्यापाशी गोदावरीत विसर्जन पावते. त्याच गोदावरीच्या वरच्या अंगास, नाशिकजवळ जलालपूर गावी, लक्ष्मीबाई टिळकांचे बालपण गेले. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे असे काही वेड लागले होते, की बाहेरून घरात येणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू पाण्यातून काढल्यावाचून त्यांना स्वस्थता नसे. त्या धुण्याचा छळ घरातील बायकामुलांनी कसा सोसला, हे 'स्मृतिचित्रे' वाचणारास सांगावयास नको. अशा घरच्या मुलीचा नवरा ख्रिस्ती झाला. काही काळ त्या पंढरपुरास आप्तांकडे राहिल्या. मग नवऱ्याकडे गेल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊन. त्यांच्या मनाचा पालट कोणत्याही उपदेशकाने घडविला नाही. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, असे एके दिवशी त्यांच्याच बुद्धीस दिसले, आणि यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास हरकत नाही असा त्यांनी निश्चय केला. त्या निश्चयानंतर श्रद्धा आली, आणि 1900 साली राहुरीस बाप्तिस्मा झाला. पतीनंतर पाच वर्षांनी, आणि पतीच्या मागोमाग म्हणून नव्हे. मला तर वाटते, बाईंनी आपल्यापुरते पाण्याचे कोडे त्या निश्चयाच्या दिवशीच सोडविले होते.

टिळकांना मात्र त्या कोड्याने शेवटपर्यंत सोडले नाही. बावीस वर्षे ते अमेरिकन मिशनशी संबंधित राहिले, 'ज्ञानोदया'त लिहिले, अभंग व भजने रचली, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते सांगत राहिले. परंतु ह्या सर्व काळात त्यांनी असे अनेक लोक पाहिले की जे ख्रिस्ताचे नाव प्रेमाने घेतात आणि ख्रिस्ती म्हणवून घेण्यास मात्र धजत नाहीत. कोणाची आई म्हातारी, कोणाच्या बहिणीचे लग्न अडेल, कोणाला साहेबी वेषाच्या समाजात जावयाचे नाही. ह्यांना भ्याड म्हणणे सोपे होते. टिळकांनी तसे म्हटले नाही, कारण 1893 ते 1895 ही दोन वर्षे त्यांनी स्वतः भोगली होती. 1917 साली मिशनचा पगार सोडून, संन्यस्त वृत्तीने, त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारण्याचे मनावर घेतले. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांसही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एका पंक्तीत स्थान होते.

मिशनरी मित्रांस हे कसे रुचावे? बाप्तिस्म्यावाचून शिष्यत्व मिळू लागले, तर ज्यांनी तो घेऊन घरदार गमावले त्यांनी ते कशासाठी गमावले, ही शंका क्षुल्लक नव्हती, आणि ती केवळ गोऱ्या पाद्र्यांची असेल असेही मला वाटत नाही. आई-बापांना मुकलेल्या एखाद्या वृद्ध नगरकर ख्रिस्त्याने ती बोलून दाखविली असती, तर त्यास उत्तर काय द्यावे? 1882 पासून मुंबईत असलेली मुक्तिफौज जलसंस्कार मुळीच करीत नाही, हे उदाहरण समोर होते. पण ती फौज परदेशातून आलेली, तिच्या सैनिकांनी आपल्या माजघराशी लढून तो विधी टाकलेला नव्हता. टिळकांनी आपला बाप्तिस्मा कधी नाकारला नाही. ज्या दारातून स्वतः रक्तबंबाळ होऊन आत आले, ते दार इतरांसाठी मोडून काढावे, एवढीच त्यांची इच्छा होती. दरबाराची नीट मांडामांड होण्यापूर्वीच, 9 मे 1919 रोजी, मुंबईस त्यांचा अंत झाला, आणि त्यांच्यामागे तो दरबार फार काळ भरला नाही. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्यही अर्धवटच राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतले.