रस्त्यात कासव सापडले तर...

गिरगावातील एखाद्या वाडीच्या तोंडाशी, लालबागच्या चाळीच्या जिन्याखाली किंवा दादरच्या उद्यानाच्या कुंपणालगत कासव चालताना दिसले, की क्षणात बघ्यांची गर्दी जमते. देवळात शिरताना गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला नमस्कार करणाऱ्या मराठी माणसाच्या मनात या प्राण्याविषयी जात्याच आदर असतो. त्यामुळे त्याला इजा करण्याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. उलट 'बिचाऱ्याला पाण्यात सोडा' असे कोणीतरी सुचवते आणि कासवाची रवानगी गिरगाव चौपाटीच्या लाटांत किंवा वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावात होते. हेतू चांगला असला, तरी ही कृती कासवाच्या जिवावर बेतू शकते. जमिनीवरचे कासव पाण्यात बुडते आणि गोड्या पाण्यातले कासव समुद्राच्या खाऱ्या पाण्यात फार काळ तग धरू शकत नाही. म्हणूनच सापडलेले कासव कोणते, हे आधी ओळखणे आवश्यक ठरते.

पाळलेले की रानातले?

दक्षिण व मध्य मुंबईच्या दाट वस्तीत कासवांना नैसर्गिक अधिवास जवळपास उरलेला नाही. त्यामुळे येथे सापडणारे कासव बहुधा कोणाच्या तरी घरातून निसटलेले वा मुद्दाम सोडून दिलेले असते. वाढलेल्या व वळलेल्या नख्या, दाबल्यास मऊ लागणारे कवच, सुजलेले डोळे, कवचाला दोरीसाठी पाडलेले भोक किंवा त्यावर लावलेला रंग या पाळलेल्या कासवाच्या खुणा होत. माणूस जवळ जाताच मान आत न घेता खाण्यासाठी तोंड पुढे करणारे कासवही बहुतेक वेळा घरातच वाढलेले असते.

जात कशी ओळखावी?

प्रथम पाय पाहावेत. खांबासारखे, हत्तीच्या पायांची आठवण करून देणारे पाय जमिनीवरच्या कासवाचे. बोटांमध्ये पडदे असलेले पाय गोड्या पाण्यातील कासवाचे. आणि वल्ह्यासारखे चपटे पाय समुद्री कासवाचे असतात. त्यानंतर कवच व डोके न्याहाळावे.

• तारा कासव : घुमटासारख्या काळपट कवचावर पिवळ्या रेषांच्या चांदण्या. हे पूर्णतः जमिनीवर राहणारे आणि प्रामुख्याने शाकाहारी आहे. घरात ठेवल्यास भरभराट होते, या समजुतीपायी त्याची चोरटी विक्री होते. ते पाण्यात पोहू शकत नाही.

• रेड-इअर्ड स्लायडर : डोळ्यामागे लाल पट्टा, हिरवट कवच, त्यावर पिवळ्या रेषा. मूळ अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील ही जात मत्स्यपालनाच्या दुकानांत नाण्याएवढ्या पिल्लांच्या रूपात विकली जाते. वय वाढते तसा लाल पट्टा फिका पडू शकतो.

• छपरी कासव : कवच घराच्या छपरासारखे मध्ये उंचावलेले, कण्यावर तांबूस पट्टा. गंगा, ब्रह्मपुत्रा व सिंधूच्या खोऱ्यांतील या देशी कासवाच्या डोळ्यामागेही तांबूस ठिपका असल्याने ते स्लायडर समजले जाण्याची शक्यता असते.

• मऊ कवचाचे कासव : कवचावर खवल्यांऐवजी कातडी, लांब मान आणि नळीसारखे नाक. मागचे पाय झाकणाऱ्या झडपा पोटाकडे दिसल्या, तर ते तळ्यांत, भातखाचरांत आढळणारे देशी कासव समजावे. ते चपळाईने चावते.

• काळे कासव : गडद तपकिरी वा काळ्या कवचावर तीन उभे कंगोरे. हेही देशीच आहे.

पहिले काही तास

कासवाला शेपटी किंवा पाय धरून उचलू नये. दोन्ही हातांनी कवचाच्या कडा मागच्या बाजूने धरून ते जमिनीला समांतर उचलावे. उलटे करून ठेवू नये. हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या खोक्यात ते सावलीत, शांत जागी ठेवावे. जमिनीवरच्या कासवासाठी कोरडे वर्तमानपत्र पुरते. पाण्यातल्या कासवासाठी ओलसर फडके अंथरावे. कासव मरगळलेले वाटल्यास हनुवटीपर्यंत येईल इतक्याच कोमट पाण्यात, समोर बसून, काही मिनिटे ठेवावे. भरलेल्या बादलीत थकलेले कासव बुडून मरू शकते.

खायला घालण्याची घाई करू नये. मोठे कासव काही दिवस उपाशी राहू शकते. दूध, पाव, बिस्किटे व शिजवलेला भात त्याला अजिबात देऊ नयेत. कवचाला तडा गेला असल्यास त्यावर हळद, डिंक वा घरगुती लेप न लावता स्वच्छ कोरडे फडके सैलसर गुंडाळून पशुवैद्यकाकडे न्यावे. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय आणि १८८६ मध्ये स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय हे दोन्ही या भागातील रहिवाशांना जवळ आहेत.

कासव हाताळल्यावर साबणाने हात धुणे अत्यावश्यक आहे. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जीवाणू असू शकतात. याच कारणासाठी अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. पाच वर्षांखालील मुलांना कासवापासून दूर ठेवावे आणि त्याचे भांडे स्वयंपाकघरातील मोरीत धुऊ नये.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित कासव पाळता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तारा कासवाचा समावेश पहिल्या अनुसूचीत झाला असून, या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. मात्र सापडलेले कासव कळविणाऱ्याने धास्तावण्याचे कारण नाही. असा प्राणी ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत नजीकच्या पोलिस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवावे, अशी कायद्यातच तरतूद आहे. वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावरही माहिती देता येते. 'बरे होईपर्यंत आमच्याकडेच ठेवू' असे म्हणत महिने काढणे मात्र अडचणीचे ठरू शकते.

सोडून देणे का घातक?

परदेशी स्लायडरचा प्रश्न निराळा आहे. आयुर्मान २० वर्षांहून अधिक असलेले हे कासव मोठेपणी ताटाएवढे होते. टब अपुरा पडू लागला, की कंटाळलेले मालक त्याला तळ्यात सोडतात. तेथे ते देशी कासवांच्या अन्नावर आणि ऊन खाण्याच्या जागांवर कब्जा करते. जगातील १०० सर्वांत उपद्रवी परकीय जातींच्या यादीत त्याची गणना होते. बाणगंगेसारख्या बंदिस्त तलावावर मुळातच ताण असतो; पितृपक्षातील विधींनंतर तेथे मासे मरण्याच्या घटना अनेकदा घडल्या आहेत. अशा पाण्यात नवे कासव सोडणे त्याच्याही हिताचे नाही आणि तलावाच्याही.

सापडलेले कासव खात्रीने स्लायडर असेल, तर इमारतीच्या सूचनाफलकावर चिठ्ठी लावून मालकाचा शोध घ्यावा. तोवर त्याला पोहता येईल इतके स्वच्छ पाणी, अंग सुकवण्यासाठी पाण्याबाहेर दगड आणि रोज थोडे थेट ऊन द्यावे. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन उपयोगाचे नाही; कवच कठीण होण्यास आवश्यक असलेले अतिनील किरण काच अडवते. मालक न सापडल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ते योग्य संस्थेकडे सोपवावे.

चौपाटीवरचे कासव

पावसाळ्यात समुद्री कासवे जखमी अवस्थेत किनाऱ्याला लागतात. ऑलिव्ह रिडले ही त्यांतील परिचित जात. मार्च २०१८ मध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर तिची पिल्ले आढळली होती. वल्ह्यासारखे पाय असलेले कासव चौपाटीवर दिसल्यास त्याला पुन्हा लाटांत ढकलू नये. दमलेले कासव परत बुडण्याचा धोका असतो. त्यावर ओले फडके टाकावे, नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात, कुत्र्यांना व गर्दीला दूर ठेवावे आणि वन विभागाला कळवावे.

कासव तळ्यातले असो, माळरानावरचे असो वा समुद्रातले, सापडणाऱ्याचे काम सारखेच आहे : ओळखावे, सुरक्षित ठेवावे आणि योग्य हाती सोपवावे. पाण्यात सोडायचे की नाही, हा निर्णय जाणकारांवर सोपवणेच कासवाच्या हिताचे आहे.