वय की वजन? मादी सशाच्या पहिल्या पैदाशीच्या निर्णयाचा इतिहास आणि कोकणातील पशुपालन

पशुपालनाच्या इतिहासलेखनात जनावरांच्या जाती, बाजार, रोगराई आणि सरकारी धोरणे यांना पुष्कळ जागा मिळाली आहे. तरुण मादी पहिल्यांदा नराकडे केव्हा न्यावी, हा गोठ्यातील नित्याचा प्रश्न मात्र या लेखनात क्वचितच येतो. वस्तुतः पशुपालकाच्या पुढील अनेक वर्षांचा नफातोटा या एका निर्णयावर अवलंबून असतो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न सशाच्या संदर्भात तपासला आहे. ससा हा महाराष्ट्रातील पाळीव प्राण्यांत अगदी अलीकडचा असल्यामुळे जुने ज्ञान कोठे उपयोगी पडते आणि कोठे थांबते, हे त्याच्या उदाहरणात स्पष्ट दिसते.

महाड-पोलादपूर परिसराचाच विचार करावा. सावित्रीकाठचे सव हे गाव उष्ण पाण्याच्या झऱ्यांसाठी परिचित आहे. या पट्ट्यात भातशेतीच्या जोडीला गाई-बैल, म्हशी, शेळ्या व कोंबड्या पाळण्याची रीत जुनी आहे. येथील शेतकऱ्याकडे मादीची तयारी ओळखण्याची दोन मापे परंपरेने चालत आलेली आहेत. पहिले माप दातांचे. कालवडीचे दुधाचे पुढचे दोन दात पडून कायमचे आले की ती दोनदाती झाली. हे साधारण दोन-अडीच वर्षांच्या वयात घडते. जन्मतारीख लिहून ठेवण्याची गरज त्यामुळे पडत नाही. दुसरे माप माजाचे. कालवड हंबरते, शेळीची पाठ शेपटी हलवीत ओरडते आणि काही दिवसांनी हे पुन्हा घडते. जनावर स्वतःच वेळ सांगते. पाळणाऱ्याने ती ओळखायची एवढेच.

सशाच्या बाबतीत ही दोन्ही मापे निरुपयोगी ठरतात. त्याचे दात जन्मभर वाढत व झिजत राहतात, म्हणून जबडा उघडून वय सांगता येत नाही. मादीला गाईसारखे ठरावीक दिवसांचे माजाचे चक्रही नसते. पिढ्यानुपिढ्यांच्या गोठ्यातील शहाणपणाला येथे आधारच उरत नाही.

भाषेमुळे या अडचणीत आणखी भर पडते. मराठीत रानातल्या सशाला आणि पिंजऱ्यातल्या सशाला एकच शब्द आहे. संस्कृत वाङ्मयातील शश, चंद्राला शशांक हे नाव देणारा शश, जातककथेत स्वतःचा देह अर्पण करणारा शश, हे सगळे रानससे होत. पिंजऱ्यातील ससा मूळचा युरोपच्या नैर्ऋत्य टोकाकडील, बिळात राहणारा निराळा प्राणी आहे. रानसशाची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मतात. पाळीव सशाची पिल्ले उघडी व आंधळी असतात. रानसशाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे, तर पाळीव सशाच्या पेशीत ४४ असतात. यामुळे जंगलातील ससा धरून पाळीव मादीशी जोडी लावण्याचा बेत निसर्गतः फसतोच. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानससा संरक्षित असल्याने तो गुन्हाही ठरतो. हा घोटाळा केवळ मराठीतला नाही. इंग्रजांनी आपल्या एका पाळीव सशाच्या जातीला ‘बेल्जियन हेअर’, म्हणजे बेल्जियमचा रानससा, असे नाव दिले आणि तेच रूढ झाले.

युरोपातही सशाविषयीचे ज्ञान दीर्घकाळ ऐकीव होते. रोमन जमीनदार कुंपणाच्या आवारात ससे ठेवीत, पण तेथे जोडी लावण्याचा निर्णय माणूस घेत नसे. प्राणी आपल्या मर्जीने वाढत आणि माणूस हवे तेव्हा धरीत असे. इ. स. ६०० च्या सुमारास पोपच्या एका आज्ञेमुळे मठांतील भिक्षूंनी ससा माणसाळवला, ही कथा पुस्तकांतून वर्षानुवर्षे उतरवली गेली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने तिच्या मुळाशी एका जुन्या मजकुराचा चुकीचा अर्थ असल्याचे दाखवून दिले. ससा पिंजऱ्यात आल्यावर, नर व मादी वेगळी ठेवली जाऊ लागल्यावरच ‘केव्हा?’ हा प्रश्न माणसाच्या हाती आला.

या प्रश्नाला शास्त्रीय रूप देणाऱ्यांत वॉल्टर हीप या इंग्रज संशोधकाचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. २७ एप्रिल १८९० रोजी त्याने अंगोरा जातीच्या मादीचे दोन फलित बीज बेल्जियन हेअर मादीच्या शरीरात ठेवले. त्या मादीला सहा पिल्ले झाली. त्यांतील चार तिच्या स्वतःच्या जातीची, तर दोन अंगोरा होती. पुढे हीप माकडांच्या प्रजननाच्या अभ्यासासाठी कलकत्त्यासही येऊन गेला. १९०५ मध्ये त्याने सशावरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. मादीचे बीज आपोआप सुटत नाही, तर नराशी संयोग झाल्यानंतर सुमारे दहा तासांनी सुटते, हे त्यांतून स्पष्ट झाले. गोठ्यातील माजाचे माप सशाला का लागू पडत नाही, याचे उत्तर येथे मिळते. मादी तयार असेल तर संयोगच बीज सोडवतो. ती अपक्व असेल तर संयोग होऊनही काही निष्पन्न होत नाही. दहा-बारा आठवड्यांची मादी नराला स्वीकारते, पण तिचे बीज सुटत नाही. नवख्या पाळणाऱ्याची फसगत होते ती येथेच.

केंब्रिज येथील जॉन हॅमंड यांचा, एफ. एच. ए. मार्शल यांच्या सहकार्याने लिहिलेला, सशाच्या प्रजननावरील ग्रंथ १९२५ मध्ये आला. जनावराची वाढ, त्याचा आहार आणि प्रजनन यांचा परस्परसंबंध हा हॅमंड यांच्या पुढील कार्याचा विषय राहिला. वयाकडून वजनाकडे झालेले हे स्थित्यंतर या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा होय. आज सर्वसाधारणपणे मान्य असलेला नियम असा : मादीने आपल्या जातीच्या प्रौढ वजनाच्या ७५ टक्के वजन गाठले की ती पैदाशीस योग्य होते, ८० टक्क्यांपर्यंत थांबणे अधिक श्रेयस्कर. लहान जातींत हे चार-पाच महिन्यांत, न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिला यांसारख्या मध्यम जातींत पाच-सहा महिन्यांत, तर मोठ्या जातींत आठ-नऊ महिन्यांत घडते. मात्र महिने हा केवळ अंदाज आहे. खरे उत्तर वजनकाटा देतो.

या काळात मादीची पक्वता ओळखणे हा रुग्णालयांचाही प्रश्न बनला होता, हे येथे नमूद करावयास हवे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात फ्रीडमन व लॅफम यांनी १९३१ मध्ये स्त्रीच्या गर्भारपणाची चाचणी सशावर बसवली. नरापासून दूर ठेवलेल्या मादीला स्त्रीचे मूत्र टोचावयाचे आणि नंतर तिच्या बीजकोशाची तपासणी करावयाची, अशी ती रीत होती. मादी अपक्व असल्यास स्त्री गर्भार असूनही चाचणी नकारार्थी येण्याचा धोका होता. पिंजऱ्यातील एका प्राण्याच्या वजनाचा अंदाज चुकला की एखाद्या स्त्रीला चुकीचे उत्तर मिळे.

भारतात ससा प्रथम प्रामुख्याने प्रयोगशाळेतून परिचित झाला. पाश्चरने १८८५ मध्ये माणसाला दिलेली श्वानदंशावरील लस सशाच्या मज्जारज्जूपासून केलेली होती. मांसासाठी ससेपालनाचा पुरस्कार पुष्कळ नंतरचा आहे. राजस्थानातील अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली. परदेशी जातींच्या सशांवरील काम तिच्या कार्यक्रमात पुढे समाविष्ट झाले. तेथील आणि इतर संशोधन केंद्रांतील माहिती पुस्तिकांच्या रूपाने शेतकऱ्यांपर्यंत पोचू लागली.

परंतु खेड्यापर्यंत पुस्तिकेच्या आधी बहुधा योजना पोचली. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत खरेदीच्या हमीवर ससेपालनाचे ‘युनिट’ विकले गेले. सात माद्या व तीन नर असा त्याचा सर्वपरिचित आकार. पिल्ले आम्हीच परत घेऊ, असे आश्वासन त्यासोबत असे. या व्यवहाराचे अर्थशास्त्र नीट पाहिले पाहिजे. मांसाची बाजारपेठ तोकडी असेल तर पिल्लांना गिऱ्हाईक मिळते ते पुढच्या नव्या ससेपालकाच्या रूपाने; नवे ससेपालक संपले की खरेदीही संपते. अशा गणितात मादीने महिन्यांच्या हिशेबानेच व्यावे लागते. छापील वेळापत्रकात काटा नसतो, दिनदर्शिका असते. हप्ता डोक्यावर असलेल्या पाळणाऱ्याला चौथा महिना उलटताच मादी नराच्या पिंजऱ्यात नेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, आणि त्याबद्दल त्याला अडाणी ठरवणे अन्यायाचे होईल.

त्या घाईची किंमत मादी चुकवते. अपुऱ्या वजनाच्या मादीला पिल्ले कमी होतात, प्रसूती अडण्याची शक्यता वाढते, अंगावरचे केस उपटून घरटे करण्याची प्रवृत्ती अर्धवट राहते आणि दूध पुरत नाही. स्वतःची वाढ अपुरी असताना पिल्लांना पोसावे लागल्याने ती खंगते व दुसऱ्या खेपेस गर्भ धरत नाही. उलट फार थांबल्यास अंगावर चरबी चढते आणि तेव्हाही गर्भधारणा अवघड होते. म्हणजे योग्य काळाची खिडकी अरुंद आहे, आणि ती प्रत्येक मादीसाठी वेगळी उघडते. जननांगाचा रंग हे त्यातल्या त्यात विश्वसनीय बाह्य लक्षण होय : फिकट असल्यास थांबावे, लाल झाल्यास मादी नराकडे न्यावी. नराला मात्र तिच्या पिंजऱ्यात सोडू नये, कारण ती आपली जागा राखण्यासाठी त्याच्यावर धावून जाते.

महाडसारख्या ठिकाणी याला हवामानाची जोड द्यावी लागते. तीस अंशांपुढील उष्णतेत ससा चारा कमी खातो, त्यामुळे मादीचे वजन रेंगाळते. नराचे वीर्य तर उन्हाळ्याने असे खालावते की ते पूर्ववत व्हायला आठवडे जातात. कार्तिकात जन्मलेली मादी चैत्र-वैशाखात वजनाला येते. नेमका तेव्हा नर निकामी असतो. काटा अनुकूल असूनही तिला पाऊस पडून हवा निवेपर्यंत थांबवावे लागते. श्रावणात जन्मलेली मादी पौष-माघात तयार होते, एकतीस दिवसांनी विते आणि तिची पिल्ले कडक उन्हाळ्याआधी अंगावरून सुटतात. पैदाशीसाठी राखावी ती हीच. पण श्रावणातली पिल्ले ओल्या गवताने आणि दमट पिंजऱ्याने होणाऱ्या हगवणीतून वाचवणे हे कोकणात सर्वांत कठीण काम असते.