हाताचा गुण आणि हाताखालची माणसं

पेण ते रोहा या आमच्या पट्ट्यात हाड मोडणं नवीन नव्हतं. खारेपाटातले बांध लावणीत निसरडे, भाताचे भारे डोक्यावरून खळ्यावर आणायचे, मे महिन्यात पोरं आंब्यावर. कमरेत उसण भरली की पायाळू माणूस शोधून त्याचा पाय लावून घ्यायचा. हाड मोडलं की हाडवैद्य.

हाडवैद्याकडं कामाची वाटणी ठरलेली असे. कांडवेल वाटणं, आंबेहळदीचा लेप करणं, बांबूच्या कामट्या तासणं, तेल चोळणं ही कामं घरची पोरं नाहीतर हाताखालचा गडी करी. सांधा ओढून बसवायचा तो मात्र म्हाताऱ्यानंच. त्याच्याकडं सर्टिफिकेट नव्हतं, पण आपलं काम कुठलं आणि गड्याचं कुठलं, ही रेघ त्याला ठाऊक होती.

सरकारनं ती रेघ कागदावर मारली. मुंबई इलाख्यात १९३८ साली वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा कायदा झाला. १९४८ साली फार्मसीचा कायदा आला. औषध नोंदणी झालेल्या माणसानंच द्यावं, असा त्याचा रोख. १९६१ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं नोंदणीशिवाय वैद्यकी करणं गुन्हा ठरवलं.

कायदा मुंबईत, दवाखाना गावात. तिथं डॉक्टर एक, कंपाउंडर एक. आधी केसपेपर, मग कागदाची पट्टी चिकटवलेली मिक्श्चरची बाटली, मग ड्रेसिंग, आणि हळूहळू सुईसुद्धा कंपाउंडरच्या हाती गेली. गाव त्यालाही डॉक्टर म्हणू लागलं. त्याचा पगार मात्र कंपाउंडरचाच राहिला.

कुलाब्याचं रायगड झालं १९८१ साली. त्यानंतर थोड्याच वर्षांत माझा भाचा आंब्यावरून पडला. उजव्या कोपराजवळ हाड मोडलं. हाडवैद्य लग्नाला गेलेला. लेप वाटणाऱ्या पोरानंच कामट्या बांधल्या, चांगल्या आवळून. रात्रभर भाचा रडला. हाड मोडलंय तर दुखणारच, असं घरच्यांना वाटलं. सकाळी बोटं गार आणि निळसर. मोठ्या दवाखान्यात नेल्यावर पट्टी कापली. हात वाचला, बोटं वाकडीच राहिली. आज तो पन्नाशीत आहे. भाकरीचा तुकडा डाव्या हातानं मोडतो.

हाडवैद्य म्हणाला, मी बांधलंच नाही. पोरगा म्हणाला, रोज बघतो तसंच बांधलं. दोघंही खरं बोलत होते, आणि भाच्याच्या हाताला जबाबदार कुणीच उरलं नाही.

असं का होतं, ते फोल्कमान नावाच्या जर्मन सर्जननं १८८१ सालीच लिहून ठेवलंय. मोडलेला हात सुजतो, पट्टी सैल होत नाही, रक्त अडतं आणि स्नायू मरतात. बांधायला बघून शिकता येतं. पण थोड्या वेळानं बोटं हलवायला लावून बघायचं, गार लागली तर पट्टी लगेच सोडायची, हे नुसतं बघून कळत नाही.

मणके हातानं बसवायची कायरोप्रॅक्टिक नावाची विद्या अमेरिकेत डी. डी. पामर यांनी १८९५ च्या सप्टेंबरात सुरू केली. त्याच महिन्यात आमच्या पेण तालुक्यात गागोद्याला विनोबा जन्मले. तिकडं कॅन्सस राज्यानं १९१३ साली त्या विद्येला परवान्याचा कायदा केला, पुढं बाकीच्या राज्यांनी. शेक देणं, कागदपत्रं ही कामं मदतनिसाला देता येतात. मणक्याला झटका देणं परवानेवाल्याचंच काम. आपल्याकडं या विद्येसाठी वेगळा परवाना नाही. तरी दाढी झाल्यावर मान कडकन वाजवून घेणारे मी रोज बघतो. मानेतून मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनी अशा झटक्यानं फाटू शकते.

हाताखाली माणूस ठेवू नये, असं मी म्हणत नाही. शेती तरी एकट्यानं कुठं होते? पेणच्या गणपतीच्या कारखान्यात माती मळायला, साच्यात दाबायला शिकाऊ पोरं असतात. डोळ्यांची आखणी कसलेला कारागीरच करतो. तिथं चुकलं तरी मूर्ती पुन्हा रंगवता येते.

तेव्हा अंगाला हात लावून घेण्याआधी दोन गोष्टी विचारा. हा हात कुणाचा? आणि उद्या काही बिघडलं, तर उत्तर कोण देणार? विचारल्याचा राग आला, तर खुशाल उठून यावं.