वाराचे : मेक्सिकोची विणलेली वाहाण

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोल्हापुरी चप्पल घेताना आपण आधी वेणी पाहतो, मग तळ वाकवून बघतो आणि शेवटी भावावर येतो. ती खुद्द कोल्हापूरची की आपल्या शेजारच्या अथणी-निपाणीची, असे सहसा कुणी विचारीत नाही. मेक्सिकोत मात्र २०२५ साली एका वाहाणेवरून नेमका हाच प्रश्न पेटला.

त्या वाहाणेचे नाव वाराचे. शब्द पुरेपेचा या आदिवासी भाषेतला. स्पॅनिश लोक पोचण्यापूर्वीही तिथे वाहाणा होत्याच. नाउआत्ल भाषेत त्यांना काक्त्ली म्हणत, आणि घायपाताच्या वाखापासूनही त्या बनवीत. (आपल्या बांधावरचे घायपात मुळात तिकडचेच!) स्पॅनिशांनी गुरे नेली आणि गाईचे कातडे मुबलक झाले. मग कातड्याच्या पट्ट्या पायावर जाळीसारख्या विणण्याची रीत वाढली. कित्येक प्रकारांत एकच लांब पट्टी लाकडी कलबुतावर, तळाच्या भोकांतून खाली-वर ओवीत नेतात. खिळा नाही, गोंद नाही. जाळीतून वारा खेळतो, म्हणून उन्हाळ्यात पाय शिजत नाही.

१९३०च्या दशकात मोटारींचे जुने टायर स्वस्तात मिळू लागले, तेव्हा कारागिरांनी कातडी तळ सोडून टायरचा तळ घेतला. वाहाण टिकाऊ झाली, गरिबाला परवडू लागली. साठच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लाटांवर खेळणाऱ्या पोरांनी आणि हिप्पींनी ती उचलली. कोलोरॅडोतल्या लेडव्हिल येथील शंभर मैलांची शर्यत १९९३ साली व्हिक्टोरियानो चुरो या ५५ वर्षांच्या रारामुरी माणसाने जिंकली, तीही टायरच्या तळाच्या वाहाणा घालून. त्याआधी दोनच वर्षे, १९९१ मध्ये, नायकी कंपनीने टिंकर हॅटफिल्ड यांनी घडवलेला 'एअर वाराचे' हा धावण्याचा बूट आणला होता. त्यात विणलेले कातडे औषधालाही नव्हते. पाणबुड्यांच्या पोशाखाचे रबरी कापड होते आणि नाव तेवढे वाहाणेचे!

ऑगस्ट २०२५ मध्ये आदिदासने विली चावारिया या मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन कलावंताचा 'ओआहाका स्लिप-ऑन' दाखवला. वर वाराचेची काळी वीण, खाली खेळाच्या बुटाचा जाड तळ. ओआहाका राज्यातल्या विया इदाल्गो यालालाग या गावाने ती वीण तात्काळ ओळखली. आमची वीण घेतली, आम्हाला विचारले नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. मेक्सिकोत २०२२ पासून आदिवासींच्या सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा आहे. सरकारही मध्ये पडले आणि त्याच महिन्यात कंपनीच्या प्रतिनिधींनी गावात येऊन जाहीर माफी मागितली.

जुन्या वाहाणेला नवे रूप देऊच नये, असे मला मुळीच वाटत नाही. टायरचा तळ हेही त्या काळचे नवे रूपच होते की! पण ते विणणाऱ्याने स्वतः, आपल्या गिऱ्हाइकासाठी केले आणि त्याचे चार पैसे त्याच्याच घरात राहिले.

योगायोग असा की त्याच वर्षी जूनमध्ये प्राडाने मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या, आणि नाव काय दिले, तर नुसते 'चामडी सँडल'. आपल्याकडे गदारोळ झाला तेव्हा कुठे मूळ मान्य झाले. कोल्हापुरीचे भौगोलिक मानांकन आठ जिल्ह्यांना मिळून आहे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमेसाठी इतकी वर्षे भांडणारी दोन राज्ये या एका चपलेच्या कागदावर शेजारी बसली आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी प्राडाचा करार झाला. इथल्या कारागिरांच्या हातचे दोन हजार जोड, किंमत सुमारे ८०० युरो. त्यातले अथणीच्या वेणी घालणाऱ्या बाईच्या हातावर किती पडणार, ते मला पाहायचे आहे.