कडींत कडी : चिलखत आणि सणाचा दागिना

आश्विन शुद्ध नवमीला महाराष्ट्रांत खंडेनवमी म्हणतात. त्या दिवशीं घरांतील शस्त्रें बाहेर काढावीं, तीं घासूनपुसून पाटावर मांडावीं आणि झेंडूचीं फुलें वाहून त्यांची पूजा करावी, असा जुना परिपाठ आहे. पुणें शहरांतील बहुतेक घरीं आज तलवार उरलेली नाहीं. सुताराची करवत, शिंप्याची कात्री आणि दारांतील मोटार यांनाच हळदकुंकू लागतें. ज्या थोड्या घराण्यांनीं जुनीं हत्यारें जपून ठेविलीं आहेत, तेथें तलवार, कट्यार व ढाल यांच्या शेजारीं एखादे वेळीं लोखंडी कड्यांचें चिलखतही पाटावर येतें. तलवारीचें तेज तिच्या पात्यावर खेळतें. चिलखत मात्र कोळ्याच्या भिजलेल्या जाळ्यासारखें गोळा होऊन पडलेलें असतें. पाहणारा तें क्षणभर उचलतो, त्याच्या वजनाचें नवल करतो आणि पुढें जातो. वास्तविक त्याची एकच कडी नीट न्याहाळली, तर ज्या चंद्रहाराचें आणि ज्या पैंजणांचें घरांतील स्त्रियांना कौतुक, त्यांचें या रुक्ष जाळ्याशीं कांहींतरी नातें आहे, हें ध्यानांत आल्यावांचून राहत नाहीं.

चिलखताची रचना सांगावयास सोपी आणि करावयास कष्टाची. लोखंडाची तार काढावयाची, ती गोल गजाभोंवतीं वेटोळ्यांनीं गुंडाळावयाची आणि ती वेटोळीं उभीं कापून सुट्या कड्या करावयाच्या. मग प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवावयाची. दोन वरच्या ओळींतल्या, दोन खालच्या ओळींतल्या. एवढाच काय तो नियम. परंतु या एका नियमानें लोखंड कापडासारखें लवचिक होतें. तें अंगाबरोबर वळतें, आणि वार एका कडीवर पडला तरी त्याचा भार शेजारच्या कड्यांवर वांटला जातो. अंगभर चिलखताला वीस ते तीस हजार कड्या सहज लागतात आणि त्याचें वजन सुमारें दहा किलोपर्यंत जातें. यांतील खरी मेख अशी कीं, कडीचीं दोन टोकें नुसतीं एकमेकांस भिडवून भागत नाहीं. भाल्याचें टोंक नेमकें त्याच फटींत शिरून ती उघडतें. म्हणून चांगला कारागीर तीं टोकें ठोकून चपटीं करी, एकावर एक ठेवी, त्यांना बारीक भोंक पाडी आणि त्यांत सूक्ष्म खिळा घालून तो दोन्ही अंगांनीं बसवी. हजारों कड्यांना हजारों खिळे! चिलखताची किंमत लोखंडाची नव्हती. ती या खिळ्यांची होती.

ही विद्या कोणा एका देशाची नव्हे. युरोपांत ती ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमारास केल्ट लोकांत दिसते. त्यांच्याकडून ती रोमन सैन्यानें उचलली. पश्चिम आशियांत तिला धर्मकथेचाही मान मिळाला. कुराणांत दाऊद पैगंबरासाठीं लोखंड मऊ करण्यांत आलें आणि त्याला चिलखत घडविण्याची कला देण्यांत आली, असें सांगितलें आहे. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आयुधागाराच्या प्रकरणीं ‘लोहजालिका’ हा शब्द येतो. त्याचा सरळ अर्थ लोखंडाची जाळी. फारसींत कड्यांच्या चिलखतास ‘जिरिह’ म्हणतात आणि तें करणारास ‘जिरिहबाफ’, म्हणजे जिरिह विणणारा. लोखंडाच्या कारागिराला त्या भाषेनें विणकराच्या पंक्तीस बसविलें, यांत मोठें मर्म आहे. आपल्या ओळखीच्या ‘जिरेटोप’ या शब्दांतही तीच जिरिह दडलेली आहे. अबुल फजल यानें ऐन-इ-अकबरींत अकबराच्या शस्त्रागाराची यादी दिली आहे, तींत जिरिह, बख्तर, चिहलकद असे अंगरक्षणाचे अनेक प्रकार नोंदले आहेत. ‘चिहल’ म्हणजे चाळीस. मराठींतील ‘चिलखत’ हा शब्दही याच कुळांतला दिसतो.

महाराष्ट्राच्या स्मरणांत चिलखत कायमचें कोरलें गेलें तें एका दिवसामुळें. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं शिवाजी महाराज अफझलखानास भेटावयास गेले, तेव्हां त्यांच्या अंगरख्याआड चिलखत आणि पागोट्याखालीं पोलादी टोप होता. आलिंगनाच्या मिषानें खानानें केलेला वार चिलखतावर खरडत गेला आणि देहास लागला नाहीं. वाघनखांची कथा पोरासोरांना पाठ असते; चिलखताची आठवण त्या मानानें कमी निघते. परंतु वाघनखें चालावयास हात जिवंत असावा लागतो, आणि तो त्या क्षणीं जिवंत राहिला तो या कड्यांमुळें. त्या चिलखताचा कारागीर कोण होता, हें इतिहास सांगत नाहीं. त्याच्या हातांतला एखादा खिळा जर आळसानें बसविलेला असता, तर मराठ्यांच्या इतिहासाचें पान कसें उलटलें असतें, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

पुढें चिलखताचे दिवस फिरले. बंदुकीच्या गोळीपुढें लोखंडी जाळीचा निभाव लागेना. शिवाय मराठी घोडदळाचें बळ वेगांत. दहा किलोंचें ओझें अंगावर घेऊन दौड करणें साध्या शिलेदारास परवडणारें नव्हतें. चिलखत सरदार-मानकऱ्यांच्या अंगीं राहिलें. आणि जसजशी त्याची रणांगणावरील गरज कमी झाली, तसतशी त्याची शोभा वाढत गेली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील हिंदी चिलखतांत लोखंडाच्या कड्यांमध्यें पितळेच्या व तांब्याच्या कड्या घालून तिरप्या रेघा, चौकटी, लहरी काढलेल्या आढळतात. पांढरें, पिवळें व तांबडें असे तिन्ही रंग उन्हांत चमकत असतील, तेव्हां स्वारीची शोभा काय वर्णावी! परंतु अशा पुष्कळशा चिलखतांच्या कड्या उलटून पाहिल्या, तर त्यांत खिळा नसतो. टोकें नुसतीं भिडवलेलीं असतात. म्हणजे तें चिलखत भाल्यासाठीं नव्हतेंच. तें दरबारासाठीं, मिरवणुकीसाठीं होतें. सण-समारंभाचा दागिना होण्यासाठीं चिलखतास सोनाराच्या दुकानांत जावें लागलें नाहीं. योद्ध्याच्या अंगावरच त्याचा दागिना झाला होता.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें. ३ जून १८१८ रोजीं दुसरा बाजीराव शरण गेला. पेशव्यांचा दसरा, त्याची स्वारी, सीमोल्लंघनाचा थाट, सर्वच ओसरलें. १८५७ नंतर लोकांच्या हातचीं हत्यारें काढून घेण्याचें धोरण आलें आणि १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें त्यावर शिक्कामोर्तब झालें. हत्यारें करणारांचा आश्रय तुटला. एखादी विद्या पुस्तकांतून जात नाहीं, ती हातांतून जाते. आणि हाताला काम नसलें कीं एका पिढींत ती विसरली जाते.

तरीही कडींत कडी ओवण्याची मूळ युक्ति महाराष्ट्रांतून गेली नाहीं. ती मुळांतच एकट्या शस्त्रकाराची नव्हती. सोनारानें तिला आपल्या परीनें आधींपासूनच सांभाळलें होतें. चंद्रहारांत कड्यांत कड्या गुंतवून पदर करतात आणि ते पदर एकाखालीं एक सोडतात. गोफांत सोन्याचे पेड असे गुंफतात कीं, तो हातांत घेतला असतां रेशमाच्या दोरीसारखा वळतो. लहान मुलाचा रुप्याचा करदोटा, कानांतल्या दागिन्याचा भार तोलणारे वेल, पायांतल्या सांखळ्या, हीं सर्व त्याच युक्तीचीं रूपें. कोल्हापूर जिल्ह्यांतील हातकणंगले तालुक्यांत हुपरी नांवाचें गांव आहे. चांदीच्या पैंजणांसाठीं तें देशभर नांवाजलेलें आहे. तेथेंही तार ओढणें, कडी कापणें, कडी जोडणें, डाग देणें या क्रमानेंच काम चालतें. सोनार आणि शस्त्रकार यांचें हें नातें वंशाचें नव्हे. तें हातांचें नातें आहे. जंतरांतून, म्हणजे छिद्रांच्या पोलादी पट्टींतून, ओढलेली तार आणि तिची मिटलेली कडी, हें दोघांचेंही समान भांडवल.

अलीकडे या युक्तीला आणखी एक वळण लागलें आहे. युरोप-अमेरिकेंत हौशी माणसें अॅल्युमिनियमच्या रंगीत कड्या घेऊन चिलखताच्या विणीचे तारे, घंटा आणि गोळे करतात व नाताळांत झाडाला टांगतात. कांचेच्या गोळ्याभोंवतीं चार कड्यांच्या नियमानें एक नळी विणावयाची, आणि वरच्या व खालच्या टोंकाशीं ओळीओळीनें कड्या कमी करीत ती मिटवावयाची. मग जाळी गोळ्यास घट्ट बसते. दोन पकडी, थोडी तार आणि पुष्कळ धीर, एवढीच सामुग्री. कडी उघडतांना तिचीं टोकें बाजूंना ताणूं नयेत. एक पुढें व एक मागें अशीं पिळावीं, म्हणजे मिटतांना तिची गोलाई बिघडत नाहीं. पुण्याच्या घरांना ही कल्पना परकी वाटण्याचें कारण नाहीं. गणपतीच्या मखरासाठीं मुलें रंगीत कागदाच्या पट्ट्यांच्या सांखळ्या करतात, ती याच विद्येची पहिली इयत्ता. दिवाळींत अंगणांतल्या मातीच्या किल्ल्यावर मावळे उभे राहतात. त्या किल्ल्याच्या दारावर पितळी कड्यांच्या विणीचें लहानसें तोरण शोभून दिसेल, आणि तें लावणाऱ्या मुलाला प्रतापगडाची गोष्ट अधिक खोल कळेल.

ज्या जाळीनें राजाचा प्राण राखला, तिचें शोभेचें खेळणें व्हावें, हें कोणास खेदाचें वाटेल. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कांचेच्या कपाटांतलें चिलखत पाहून चिलखत करतां येत नाहीं. तें करण्याची रीत हातांतच टिकते, आणि हातांना चालना देण्यास सण हें चांगलें निमित्त आहे. दसऱ्याला आपट्याच्या पानाला सोनें म्हणणाऱ्या लोकांना हें निराळें सांगावयास नको. मात्र त्या सोन्यामागची भावना खरी असावी लागते, तशीच येथेंही एक अट आहे. शोभेची कडी करणारानेंही ती नीट मिटवावी. खिळा नसलेल्या कड्यांचें देखणें चिलखत मिरवणुकींत चालून गेलें, कारण तेथें त्याची परीक्षा घेणारा भाला नव्हता. पण ज्या अज्ञात कारागिरानें कोणी पाहत नसतांही एकेक खिळा चोख बसविला, त्याच्या कडीची परीक्षा प्रतापगडाखालीं एका क्षणांत झाली, आणि ती कडी उघडली नाहीं. खंडेनवमीच्या पाटावर एखादें जुनें चिलखत दिसलें, तर त्यावर एक फूल त्या राजासाठीं वाहावें आणि दुसरें त्या हातांसाठीं.