समुद्रापलीकडचें औषधालय

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आपल्याकडे समुद्रगमनाचा वाद फार गाजला. विलायतेस जाऊन आलेल्या माणसास पंक्तीला घ्यावें कीं नाहीं, घेतल्यास त्यास कोणतें प्रायश्चित्त द्यावें, ह्यावर शास्त्र्यांनीं आणि सुधारकांनीं रकानेच्या रकाने भरले. तो वाद आतां इतिहासजमा झाला. मुळा व पवना ह्या दोन नद्यांच्या मधल्या सांगवीसारख्या वस्तींत आज कोणाचा मुलगा किंवा मुलगी परदेशीं निघाली, तर शेजारीपाजारी पेढे मागावयास येतात. प्रायश्चित्ताची गोष्ट कोणाच्या स्वप्नांतहि येत नाहीं. परंतु प्रायश्चित्त खरोखरच गेलें काय? औषधनिर्मात्याचा, म्हणजे ज्यास आपण फार्मासिस्ट म्हणतों त्याचा, व्यवसाय करण्यासाठीं जे देश सोडून जातात, त्यांची हकीकत पाहिली म्हणजे वाटूं लागतें कीं, प्रायश्चित्त गेलें नाहीं. त्याची जागा तेवढी बदलली. पूर्वीं तें परत आल्यावर घरीं घ्यावें लागे, आतां तें पोंचल्याबरोबर परक्या दारांत घ्यावें लागतें.

हा व्यवसाय आपल्या देशांत फार जुना नव्हे. आपल्या आजोबांस ठाऊक होता तो दवाखान्यांतला कंपाउंडर. डॉक्टरांनीं चिठ्ठी लिहावी, त्यानें बाटलींत मिश्रण ओतावें, आणि मात्रा दाखविणारी कागदाची पट्टी कातरून बाटलीवर चिकटवावी, इतकें त्याचें काम. औषधांच्या शुद्धाशुद्धतेचा आणि त्यांच्या व्यापाराचा विचार करण्यासाठीं सरकारनें १९३० सालीं चोप्रा समिति नेमली. पुढें १९३२ मध्यें बनारस हिंदु विश्वविद्यालयांत महादेव लाल श्रॉफ ह्यांनीं औषधनिर्माणाचें उच्च शिक्षण सुरू केलें. श्रॉफ हे स्वतः अमेरिकेंत शिकून परत आले होते, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. औषधांविषयींचा कायदा १९४० चा आणि औषधनिर्मात्यांच्या नोंदणीचा १९४८ चा. मुंबईस बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी निघालें तें १९५७ सालीं. म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या भागांत ज्यास ह्या विद्येंत कांहीं मोठें करून दाखवावयाचें होतें, त्यास समुद्राकडे पाहण्यावांचून फारसा मार्ग नव्हता.

अशा माणसांत एक महाराष्ट्रीय नांव आहे. शंकर आबाजी भिसे. १८६७ सालीं मुंबईस जन्मलेला हा कल्पक पुरुष प्रथम लंडनास गेला आणि पुढें न्यूयॉर्कला स्थायिक झाला. छपाईच्या खिळ्यांच्या यंत्राबद्दल त्यांचें नांव झालें; दादाभाई नौरोजींसारख्यांनीं त्यांस हात दिला. पण उत्तर आयुष्यांत त्यांचें लक्ष औषधाकडे वळलें आणि आयोडीनपासून केलेलें ‘अॅटोमिडीन’ नांवाचें औषध त्यांनीं अमेरिकेंत बाजारांत आणलें. भिसे हे औषधविक्रेते नव्हते, संशोधक होते. तथापि त्यांच्या चरित्रांत ह्या प्रश्नाचें बीज आहे. १९३५ सालीं ते न्यूयॉर्कलाच वारले. त्यांच्या औषधाचें घर अमेरिकेंत झालें. आपल्याकडे ‘भारताचे एडिसन’ ही पदवी राहिली. पदवीनें अभिमान वाटतो, पण तिच्यानें कारखाना उभा राहत नाहीं.

दुसरें उदाहरण महाराष्ट्राबाहेरचें, पण ह्या हिशेबाच्या दोन्ही बाजू त्याच्याइतक्या ठसठशीत दुसरीकडे दिसत नाहींत. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे भीमवरमचे, जन्म १८९५ चा. मद्रासेस वैद्यक शिकून हे १९२० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत बोस्टनला गेले. मागें तरुण पत्नी होती आणि ती गरोदर होती. बोस्टनला रुग्णालयांत रात्रीं हलकें काम करून त्यांनीं पोट भरलें. १९२५ सालीं फिस्क ह्यांच्याबरोबर त्यांनीं रक्तांतील फॉस्फरस मोजण्याची जी पद्धति प्रसिद्ध केली, ती पुढें जगभरच्या प्रयोगशाळांतून वापरली गेली. १९४० मध्यें ते लेडर्ले ह्या औषधें करणाऱ्या संस्थेंत गेले. फॉलिक ॲसिड तयार करणें, हत्तीरोगावरील औषध, कर्करोगावरील पहिल्या औषधांपैकीं एक, ऑरिओमायसिन, हीं सर्व त्यांच्या देखरेखीखालच्या मंडळींच्या हातून निघालीं. स्प्रू नांवाच्या आंतड्याच्या रोगानें त्यांच्या घरांतलें जवळचें माणूस गेलें होतें. त्या रोगावर उपयोगी पडणारें फॉलिक ॲसिड सिद्ध करण्यांत त्यांचाच हात लागावा, ही एक मोठी सार्थकता होय.

आतां हिशेबाची दुसरी बाजू. त्यांच्या पाठीमागें मुलगा झाला आणि तान्हेपणींच वारला. बापानें त्याचें तोंड पाहिलें नाहीं. पत्नीची पुन्हा भेट झाली नाहीं. ज्या देशासाठीं त्यांनीं आयुष्य वेंचलें, त्या देशाचा कायदा १९४६ पर्यंत हिंदी माणसास नागरिक होऊं देत नव्हता. आणि १९४८ च्या ऑगस्टांत, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षीं, ते तेथेंच वारले. जगाच्या दृष्टीनें पाहिलें तर एवढ्या लाभापुढें एका घराची हानि ती काय? पण जें घर उजाड झालें, त्यानें जगाच्या दृष्टीनें कां पाहावें? जाणाराचें चरित्र लिहिलें जातें. मागें राहिलेल्यांची वही कोरीच राहते.

ह्याच्या उलट उदाहरण आम्हां सांगवीकरांच्या शेजारींच आहे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. जागतिक आरोग्यसंघटना आणि युनिसेफ ह्या आंतरराष्ट्रीय संस्थांनीं तिला साहाय्य केलें, आणि १९५५ पासून तेथें पेनिसिलीन होऊं लागलें. माळरानावर उभ्या राहिलेल्या त्या कारखान्यांत परक्या देशांतील विद्या घरीं आली. एवढेंच नव्हे, तर तिला नवा अंकुरहि फुटला. १९६१ च्या सुमारास तिरुमलाचार व त्यांचे सहकारी ह्यांनीं तेथेंच बुरशीजन्य रोगांवरील हॅमायसिन हें औषध शोधून काढलें. पुढें हा कारखाना तोट्याच्या फेऱ्यांत सांपडला, हें खरें. पण विद्या आणण्याचा जो मार्ग श्रॉफांनीं बनारसेस दाखविला, तो येथेंहि सिद्ध झाला.

मग जाणारांची लाट आली कधीं? अमेरिकेनें १९६५ सालीं आपला प्रवेशाचा कायदा बदलला. त्यापूर्वीं हिंदी लोकांस वर्षाला शंभर जागांचा कोटा होता. नव्या कायद्यानें राष्ट्रापेक्षां विद्येला व नात्याला मान दिला. डॉक्टर, इंजिनियर ह्यांच्याबरोबर औषधनिर्मातेहि जाऊं लागले. मात्र दार उघडलें म्हणून उंबरठा नाहींसा झाला नाहीं. समकक्षतेची परीक्षा, इंग्रजी बोलण्याची परीक्षा, नोंदलेल्या औषधनिर्मात्याच्या हाताखालीं शेंकडों तासांची उमेदवारी, मग परवान्याची परीक्षा. आणि हें सर्व होईपर्यंत, घरीं पदवीधर म्हणून मिरवलेल्या माणसानें दुसऱ्याच्या दुकानांत मदतनीस होऊन उभें राहावयाचें. इंग्लंडांतहि एका वर्षाचा पूरक अभ्यासक्रम, बावन्न आठवड्यांचें शिकाऊपण आणि नोंदणीची परीक्षा आहेच. हेंच तें नवें प्रायश्चित्त.

त्यांत नियम बदलतात तेव्हां काय होतें, तें पाहण्यासारखें आहे. अमेरिकेनें ठरविलें कीं, १ जानेवारी २००३ पासून पुढें पदवी मिळविणाऱ्या परदेशीयाचा अभ्यासक्रम निदान पांच वर्षांचा पाहिजे. आपली बी. फार्म. चार वर्षांची. त्यामुळें एकाच महाविद्यालयाच्या, एकाच पुस्तकांवर वाढलेल्या दोन भावंडांपैकीं थोरल्यास दार उघडें आणि धाकट्यास बंद, असा प्रकार घडूं शकला. आपल्याकडे सहा वर्षांची फार्म. डी. ही पदवी सुरू झाली ती २००८ मध्यें. मधल्या वर्षांत ज्यांनीं कर्ज काढून, डोळे सातासमुद्रापलीकडे लावून चार वर्षें काढलीं, त्यांची बुद्धि कमी पडली नव्हती. साल चुकलें होतें.

असें असतांहि लोक जातात, तें केवळ लोभानें जातात असें म्हणणें अन्यायाचें होईल. पगार मोठा असतो हें उघड आहे. पण त्याहून मोठी गोष्ट मानाची आहे. तेथें औषधनिर्माता रोग्याशीं बोलतो, दोन औषधांचा विरोध दिसल्यास डॉक्टरास विचारतो, आणि त्याच्या सहीवांचून औषध हालत नाहीं. आपल्याकडे अनेक दुकानांत काय दिसतें? भिंतीवर प्रमाणपत्र एकाचें आणि गल्ल्यावर माणूस दुसरा. ज्याची विद्या चौकटींत टांगून भाड्यानें दिली जाते, त्यास परदेश खुणावूं लागला तर दोष कोणाचा? अर्थात् तिकडेहि सोन्याचे दिवस नाहींत. २०२३ सालीं अमेरिकेंतल्या मोठमोठ्या साखळीदुकानांतील कित्येक औषधनिर्मात्यांनीं कामाच्या बोजाविरुद्ध काम बंद ठेवलें. दिवसभर उभें राहून शेंकडों चिठ्ठ्या पुऱ्या करतांना रोग्याकडे पाहावयासहि सवड नाहीं, ही त्यांची तक्रार होती. म्हणजे ज्या मानासाठीं माणूस गेला, तोच तेथें यंत्राच्या वेगाखालीं झिजत आहे.

तेव्हां जावें कीं जाऊं नये? ह्या प्रश्नाचें एकच उत्तर देण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. इतिहासावरून एवढें मात्र दिसतें कीं, भिसे, सुब्बाराव आणि श्रॉफ ह्यांच्यांत बुद्धीचा अगर धैर्याचा फरक नव्हता. फरक परतीच्या वाटेचा होता. जेथें ती वाट मोकळी राहिली, तेथें जाणाराचा लाभ घरालाहि मिळाला. जेथें ती बुजली, तेथें लाभ जगाचा झाला आणि किंमत एकट्या घरानें दिली. म्हणून घरांतल्या मुलाची किंवा मुलीची तयारी चालली असेल, तर वडील मंडळींनीं तिकडच्या पगाराच्या आंकड्याबरोबर आणखी दोन गोष्टी एकत्र बसून कागदावर मांडाव्या: चालू सालचा नियम काय आहे, आणि परत यावेंसें वाटल्यास येथें त्या विद्येस उभें राहावयास जागा कोणती. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर एकट्या घराला देतां येणार नाहीं. तें ज्या समाजाच्या भिंतीवर भाड्याचीं प्रमाणपत्रें टांगलेलीं आहेत, त्या समाजानें द्यावयाचें आहे. पेढे मागावयास आपण सारेच जातों. तेव्हां त्या उत्तराचा वांटाहि आपणां साऱ्यांकडेच येतो.