भिंतीचा धनी

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील म्हणत आले. पण बांधलेल्या घराचा जाब पुढे कोणी द्यावयाचा, याविषयी ही म्हण मौन पाळून आहे.

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास आमच्या हिंगोली जिल्ह्याला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. आमचे घर जुने. दगडमातीच्या भिंती, वर माळवद. मुलांना घेऊन अंगणात धावलो, तो आत तुळयांमधून माती झरू लागली. दुपारी भिंतीला गेलेली भेग दाखवून मी आमच्या म्हाताऱ्या गवंड्याला म्हणालो, “मामा, हे काम तुमच्याच हातचं ना?”

“व्हय गुरुजी. पर तुमच्या वडलांनी सांगितलं तसंच बांधलं.”

वडील आज हयात नाहीत. मी मनातून चिडलो.

बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी हा प्रश्न एका वाक्यात निकालात काढला होता: घर कोसळून घरधनी मेला, तर बांधणाऱ्यास देहदंड! माझ्या रागाला हा न्याय पटला असता. पण मग किल्लारी आठवली.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून दमलेली गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली आणि लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. सरकारी नकाशात तो मुलूख भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. माणसे मारली ती घरांनी. दगडी भिंतीचे आतले आणि बाहेरचे अंग एकमेकांस बांधलेले नव्हते. ती फाकली, आणि वर्षानुवर्षे थर चढवून जड झालेले माळवद खाली आले. तिथे देहदंड द्यावयाचा कोणाला? बांधणारे कित्येक त्याच ढिगाऱ्याखाली होते.

त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोने अशा घरांसाठी नियम छापले: भिंतीत आरपार दगड घालावेत, भोवती सलग पट्टा फिरवावा. कायदे तर आधीपासून होतेच. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने गावातील बांधकामास पंचायतीची परवानगी सांगितली. १९६६ साली नगररचनेचा कायदा आला. इंजिनियरची सही आली, तपासणी आली. परंतु बांधकामाच्या नियमावल्यांत एक कलम हटकून असते: परवानगी मिळाली, नकाशा मंजूर झाला, तपासणी झाली, तरी काम नियमाप्रमाणे करवून घेण्याची मालकाची जबाबदारी सुटत नाही.

ते वाचून मी वरमलो. मामांनी अडाणीपणाने दिलेले उत्तर कायद्याचेच होते! फरक इतकाच, की आता मालक मी होतो.

पुढे मामांना बोलावले. माळवदावरची जादा माती उतरवली. भिंतींना आरपार भोके पाडून त्यांत सळई आणि काँक्रीट भरले. शाळेला रजा टाकून प्रत्येक भोकापाशी मी स्वतः उभा होतो. १० जुलैला पुन्हा तेवढाच धक्का आला, तेव्हा धावलो अंगणातच. मात्र त्या दिवशी कोणाला जाब विचारावा, असे मनात आले नाही.